वाकलेला खांब

आमच्या कारखान्यांच्या वस्तीतला बसथांबा माझ्या वडिलांनी केलेला आहे. केलेला म्हणजे वेल्डिंग करून. आत्याचा गुडघा गेला, आणि खरा थांबा ट्रकांच्या रस्त्यापलीकडे, वीस मिनिटांवर. रोज तेवढं चालायचं तर तिला सूतगिरणीतली नोकरीच सोडावी लागली असती. म्हणून वडिलांनी एका रविवारी पाइप कापला, वर पत्रा जोडला, पत्र्यावर बस रंगवली आणि खांब गल्लीच्या तोंडाशी रोवला. सोमवारी बस आली आणि थांबली. थांबा दिसला की थांबायचं, एवढंच ड्रायव्हरला माहीत होतं. याला सहा वर्षं झाली.

गेल्या महिन्यात बसखात्याचा तपासनीस आला. खांबाभोवती दोनदा फिरला.

"हा आमचा नाही."

"कशावरून?" वडिलांनी विचारलं.

"सरळ आहे."

मुद्दा बिनतोड होता. इथल्या प्रत्येक थांब्याला कुठल्या ना कुठल्या ट्रकने धक्का दिलेला आहे. वडिलांनी मात्र ओळंबा लावून, चार फूट काँक्रीटमध्ये रोवला होता.

आत्या डबा घेऊन तिथेच उभी होती. तिने डबा या हातातून त्या हातात घेतला. तपासनीसाने तिच्या गुडघ्याचा पट्टा पाहिला, मग हातातला फॉर्म.

"माझ्याकडे तीन चौकटी आहेत. वाकलेला, पडलेला, चोरीला गेलेला. वाकलेला असता तर नोंदवला असता. नोंदवला की नंबर पडतो, आणि नंबर पडला की तो आमचा. सरळ खांबाला चौकटच नाही."

"दादा, घाल एक घण," आत्या म्हणाली.

वडिलांनी घण आणला, उचलला आणि खाली ठेवला. "तीस वर्षांत एक काम वाकडं केलं नाही मी."

"आणि आपली खिडकी?"

"भिंत वाकडी आहे ती."

"मला तहान लागलीये," तपासनीस कुणाकडेच न बघता म्हणाला. "दहा मिनिटं तरी लागतील." मी त्याला घरात नेऊन पाणी दिलं. तो खिडकीकडे पाठ करून बसला.

तेवढ्यात बस आली. आत्याने ड्रायव्हरला सगळं सांगितलं. त्याने बस मागे घेतली. कंडक्टर खाली उतरून, "येऊ द्या, येऊ द्या." बंपर चेपला, खांब जागचा हलला नाही. "वजन कमी पडतंय," आतून कुणीतरी म्हणालं, तशी सगळी गल्ली बसमध्ये चढली. तिसऱ्या धक्क्याला खांब वाकला. वडील तोवर दुसरीकडे तोंड करून उभे होते.

तपासनीस बाहेर आला. "अरे, हा तर वाकलाय. कधीपासून?"

"झाली असतील सहा वर्षं," कंडक्टर म्हणाला.

"साहेब, फार उपकार झाले तुमचे," आत्या म्हणाली.

"माझे कसले? ट्रकवाल्याचे माना." त्याने चौकटीत खूण केली आणि त्याच बसने गेला. आत्याने त्याला खिडकीची जागा दिली.

आठवड्याने नंबराची पाटी आली. वडील ओळंबा घेऊन ती लावायला गेले. खांब वाकडा, पाटी सरळ. आत्या बस आली की आधी ड्रायव्हरला हात करते, आणि चढताना खांबाच्या पाठीवरून हात फिरवते.