डावी बाजू

"हा फोटो तुमचा नाही," व्हिसाच्या खिडकीत काचेपलीकडे बसलेली बाई म्हणाली.

मुलगी हसली. तिला वाटलं, बाई थट्टा करतेय. पण बाईनं फोटो काचेला टेकवून धरला, मुलीकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं आणि पेनाचं टोक स्वतःच्याच डाव्या भुवईवर ठेवलं. "इथे तुमच्या केवढी खूण आहे. पासपोर्टवरच्या फोटोत ती दिसतेय. या फोटोत भुवई एकदम गुळगुळीत. मग ही कोण?"

मागच्या खुर्चीत मांडीवर फाइल घेऊन बसलेले हलूनका फाइल मिटून पुढे सरकले. मुलीला अजून काही कळलं नव्हतं. त्यांना मात्र सगळं कळलं होतं, कारण तो फोटो त्यांनीच काढला होता आणि ती भुवई त्यांनीच गुळगुळीत केली होती.

हलूनका हे काही त्यांचं नाव नव्हे. पण बत्तीस वर्षं एकाच रस्त्यावर फोटोचं दुकान चालवून, कॅमेऱ्यामागून दिवसाला पन्नास वेळा "हलू नका" म्हणून म्हणून, त्यांचं खरं नाव लोक विसरूनच गेले होते. ते रस्त्यानं निघाले की पोरं पुतळ्यासारखी उभी राहायची आणि ते पुढे गेले की फिदीफिदी हसायची. त्यांना त्याचा कधी राग आला नाही. साधा, सरळमार्गी माणूस. साऱ्या वस्तीची ओळखपत्रं, परीक्षेचे अर्ज, नोकरीचे अर्ज त्यांच्या हाताखालून गेलेले. आणि आज त्यांच्या एकुलत्या एक मुलीचा अर्ज त्यांच्याच हातामुळे खिडकीत अडकला होता.

"फोटोत फेरफार केलाय हा," बाई म्हणाली. "नियमानं मला हे वर पाठवावं लागेल. तिथे फसवणूक ठरवली, तर पाच वर्षं पुन्हा अर्ज करता येत नाही."

"अहो, पण बारा दिवसांनी माझं विमान आहे!" मुलीचा आवाज चिरकला. "सहा महिन्यांचंच सत्र आहे. विद्यापीठाचं पत्र आहे, तिथल्या खोलीचं पत्र आहे, विम्याचं आहे..."

"पत्रं सगळी ठीक आहेत. फोटो ठीक नाही."

हलूनका उठून खिडकीशी आले. त्यांनी खिडकीची कड धरली. "बाई, तिची काही चूक नाही. मी केलंय ते. मी फोटोग्राफर."

"आणि तुम्ही यांचे कोण?"

"बाप."

बाईनं चष्मा वर केला. तिनं असले नमुने रोज पाहिले असतील, पण हा जरा नवीन असावा. तिनं घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"चारला खिडकी बंद होते," ती म्हणाली. "नवा फोटो आणा. आणि आधीचा ज्यानं काढला, त्याचं लेखी निवेदन आणा, दुकानाच्या शिक्क्यासकट. काय खोडलं, का खोडलं, सगळं. तोवर फाइल माझ्या टेबलावर ठेवते. चारनंतर ती माझ्या हातात नाही."

बसमध्ये दोघं शेजारी बसले. मुलगी दर थांब्याला घड्याळ पाहत होती. हलूनकांच्या डोळ्यांपुढे घरातल्या कपाटाच्या दारावर चिकटवलेली यादी येत होती. मुलगी मातीचा अभ्यास करायची. तिकडच्या प्रयोगशाळेत अर्धं वर्ष काम करायला तिच्या कॉलेजातून एकटीचीच निवड झाली होती. तेव्हापासून ती यादी वाढतच चालली होती. गरम मोजे, औषधं आणि त्यांच्या चिठ्ठ्या, तिकडच्या भोकात बसेल असा प्लग. बॅगेचं वजन करायला ती बॅग घेऊन काट्यावर उभी राहायची, मग बॅग ठेवून उभी राहायची, आणि तिची आई वहीत वजाबाकी मांडायची. दुकानात आलेल्या प्रत्येकाला हलूनका छाती फुगवून सांगायचे, "आमची चिऊ चालली परदेशी." गिऱ्हाईक गेलं की ती छाती पुन्हा जागेवर यायची. तिकडे म्हणे हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो. पोरगी तापानं फणफणली तर पाणी कोण देणार? हे त्यांनी कोणालाच विचारलं नव्हतं, कारण उत्तर त्यांना ठाऊक होतं.

आता त्या भीतीच्या वर दुसरी भीती बसली होती. पाच वर्षं. पोरीच्या आयुष्यातली पाच वर्षं आपण एका बोटानं पुसून टाकली की काय?

दुकान उघडून दिवे लावले, तेव्हा तीनला अठरा मिनिटं कमी होती. हलूनका पडदा सारखा करू लागले. मुलगी मात्र भिंतीवरच्या पाटीपुढे उभी राहिली. पासपोर्टसाठी, व्हिसासाठी फोटो कसा हवा, याचे नियम त्या पाटीवर हलूनकांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिले होते.

"पाच," मुलीनं मोठ्यानं वाचलं. "चेहऱ्यावरचे तीळ, व्रण व खुणा खोडू नयेत. बाबा, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"हो."

"मग?"

"हात गेला गं. सवय. बत्तीस वर्षं लोकांचे डाग पुसतोय."

"शिंपीकाका गेल्या आठवड्यात फोटो काढून गेले. त्यांच्या नाकावरची चामखीळ राहिलीच की. मग माझ्याच वेळी हात कसा गेला?"

हलूनका पडद्याची चुणी ओढत राहिले. मुलगी काउंटरमागच्या भिंतीकडे वळली. तिथे तिचेच फोटो होते, पाचव्या वर्षापासून आजपर्यंतचे. शाळेच्या गणवेशातला, सायकलवरचा, बक्षीस घेतानाचा, आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवलेला. ती एकेका फोटोवर बोट ठेवत गेली.

"सगळ्यांत माझी उजवीच बाजू आहे," ती म्हणाली. "सगळ्यांत. 'चिऊ, मान जरा इकडे. हां, अशीच.' मला लहानपणापासून वाटायचं, माझी डावी बाजू वाईट दिसते. कॉलेजात कोणी फोन वर धरला, तरी मी आपली वळते. मैत्रिणी हसतात मला."

"वाईट? अगं, वाईट कशाला दिसेल?" हलूनका घाईघाईनं म्हणाले.

खूण झाली तेव्हा ती चार वर्षांची होती. आई कामावर गेलेली, म्हणून पोरगी दुकानात होती. समोर एक मोठं कुटुंब बसलं होतं, अकरा माणसं. अकरा माणसांचे डोळे एकाच वेळी उघडे मिळवणं म्हणजे काही खायचं काम नव्हे, आणि हलूनका सगळं लक्ष तिकडे लावून "हलू नका, हलू नका" म्हणत होते. मागे पोरीनं दिव्याची वायर ओढली. स्टँड आडवा झाला आणि तापलेल्या दिव्याच्या पत्र्याची कड भुवईवर आली. जरा खाली आली असती तर डोळा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. पाच टाके पडले. बायको त्यांना एका शब्दानंही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना अजून वाटे.

"ती खूण मला बघवत नाही," ते म्हणाले. "समोर असलीस की दिसत नाही मला ती. तू बोलतेस, हसतेस, त्यात ती कुठेतरी जाते. पण फोटोत ती तेवढीच दिसते. इतकी वर्षं तुला वळवून भागलं. पासपोर्टचा फोटो त्यांनी त्यांच्या कचेरीतच काढला. या फोटोला मात्र चेहरा सरळ लागतो, आणि काढायचा मीच."

मुलगी दिव्यासमोरच्या स्टुलावर जाऊन बसली. हलूनका कॅमेऱ्यामागे गेले नाहीत. ते तिथेच उभे राहिले आणि त्यांनी मनातलं सगळं सांगून टाकलं.

"आणि अजून एक आहे. बसमध्ये मी स्वतःलाच विचारत होतो, की मी हे मुद्दाम तर नाही ना केलं? पाटी माझी, नियम माझे. मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? ती बाई म्हणाली ना, हा फोटो तुमचा नाही... तेव्हा एक क्षणभर मला बरं वाटलं, चिऊ. म्हटलं, राहिली पोरगी. मग माझी मलाच लाज वाटली."

ते खाली मान घालून उभे राहिले. आता ही रडेल किंवा ओरडेल, आणि दोन्ही आपल्याला सोसावं लागेल, अशी त्यांनी मनाची तयारी केली.

"मलाही," मुलगी म्हणाली.

"काय?"

"मलाही बरं वाटलं. एक क्षण. म्हटलं, सुटले." तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते, लहानपणी सुईला घाबरून धरायची तसे. "रोज सकाळी पोटात कळ येते माझ्या. आईला सांगितलं नाही, ती बॅगच उलटी करून टाकेल. तिथलं बोलणं मला कळलंच नाही तर? प्रयोगशाळेत माझ्या हातून काही मोडलं तर? तिथे मला चिऊ म्हणणारं कुणीसुद्धा नाही, बाबा. यादी लिहीत बसते ना मी, ती भीती वाटते म्हणून लिहिते. यादीत काय, काहीही लिहिता येतं."

"मग नको जाऊस." हलूनकांच्या तोंडून निसटलंच.

"जायचंय मला." तिनं नाक पुसलं. "भीती वाटते म्हणून नाही थांबायचं. काढा फोटो. तीन वाजले."

हलूनकांनी कॅमेऱ्यातून पाहिलं. चेहरा समोर, कान मोकळे, ओठ मिटलेले, सगळं नियमाप्रमाणे. भुवईला मधोमध चीर होती, पांढरट, तांदळाएवढी रुंद. तिथे केस उगवले नव्हते. त्यांनी ती खूण कॅमेऱ्यातून प्रथमच इतकी नीट पाहिली. वाटली होती तेवढी भयंकर ती नव्हती. बटणावर बोट ठेवून ते बघतच राहिले, नेहमीचे दोन शब्द म्हणायचं राहूनच गेलं.

"हलत नाहीये मी," मुलगी म्हणाली. "काढा."

संगणकावर त्यांनी फोटो कापून मापात बसवला. मग दोन्ही हात वर केले. "हे बघ. हात लावत नाही. तूच दाब बटण."

तिनंच दाबलं. आठ फोटोंचा कागद बाहेर सरकला. दोन कापून पाकिटात गेले. मग हलूनकांनी दुकानाचा छापील कागद घेतला आणि निवेदन लिहायला बसले. ओळखीच्या माणसानं पत्र लिहायला सांगितलं की ते मायना घालण्यातच पाच मिनिटं घालवत. आज मायन्यालाही वेळ नव्हता. घाईत लिहिलं, शिक्का मारला, तो वाकडा उमटला.

खिडकीशी पोचले तेव्हा चारला सात मिनिटं कमी होती. पुढे एक माणूस कागद शोधत उभा होता. एक कागद सापडला की त्याचा दुसरा हरवत होता. हलूनका त्याच्या खांद्यावरून घड्याळ बघत होते. मुलीनं त्यांची बाही धरली ती सोडलीच नाही. शेवटी तो माणूस बाजूला झाला.

बाईनं नवा फोटो मुलीच्या चेहऱ्याशी ताडून पाहिला. मग निवेदन वाचायला घेतलं.

*अर्जदार माझी मुलगी आहे. तिच्या डाव्या भुवईवरची खूण मी फोटोतून खोडली. तिला हे माहीत नव्हतं. ती चार वर्षांची असताना माझ्या दुकानात, माझ्या दिव्याचा स्टँड पडून ती खूण झाली. फोटोत ती मला बघवत नाही. चूक माझी आहे, शिक्षा करायची तर मला करावी.*

बाईनं ते दोनदा वाचलं.

"'बघवत नाही' हे लिहायची काही गरज नव्हती," ती म्हणाली.

"खोडू का?" हलूनकांनी खिशातलं पेन काढलं.

"नको." बाईनं कागद पटकन आपल्याकडे ओढला. "तुम्ही आता काहीही खोडू नका."

तिनं निवेदन फाइलीला टाचलं, जुना फोटो काढून त्यांना परत दिला आणि खिडकीवर 'बंद' अशी पाटी लावली.

त्यानंतरचे पाच दिवस घरात कोणाला जेवण गेलं नाही. आई बॅग भरी, पुन्हा रिकामी करी. दारावर नुसतं पाऊल वाजलं तरी तिघंही उठून उभे राहत. सहाव्या दिवशी पासपोर्ट आला. आत व्हिसा चिकटवलेला होता आणि व्हिसावर चीर पडलेल्या भुवईची मुलगी सरळ समोर पाहत होती. आईला हसू आवरेना. हलूनका मात्र दुकानात गेले, पडद्यामागे स्टुलावर बसले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आता तिला अडवायला काहीच उरलं नव्हतं.

ती गेली त्या सकाळी विमानतळावर काचेपर्यंतच त्यांना जाता आलं. आई मागे बाकावर बसून होती. तिला उभं राहवत नव्हतं. काचेच्या आत रांग होती. मुलीच्या पाठीवर पिशवी, हातात कागदांचं पाकीट. पाकीट ती सारखी उघडून पाहत होती, म्हणजे पोटात कळ असणार. रांगेच्या टोकाला उंच टेबलामागे एक गणवेशातला माणूस बसला होता. त्यानं पासपोर्ट उघडला, फोटो पाहिला, मान वर करून तिच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

हलूनका काचेला अगदी टेकले.

त्या माणसानं शिक्का मारला. मुलगी बाहेरच्या बाजूला वळली आणि काचेमागच्या गर्दीत त्यांना शोधू लागली. वळली तेव्हा तिची डावी बाजू त्यांच्याकडे होती. सवयीनं तिची मान दुसरीकडे जाऊ लागली, पण तिनं ती तशीच धरून ठेवली.

हलूनकांना हात हलवायचा होता. मागून कोणीतरी धक्का दिला, कोणीतरी "अहो, जरा सरका" म्हणालं. ते हलले नाहीत. ती दिसेनाशी होईपर्यंत त्या भुवईकडे बघत राहिले.