गाडीची ऊब

"बॅटरी आधी आत आण, मग तू ये. माणूस चुलीपाशी बसला की परत शुद्धीवर येतो, बॅटरी येत नाही."

गव्रीलने मला हे शिकवलं तेव्हा आमचं लग्न नुकतंच झालं होतं आणि घोड्यांच्या सरकारी फार्मचा ट्रक त्याच्या ताब्यात असायचा. संध्याकाळी तो पान्याने नट सैल करायचा, बॅटरी पोटाशी धरून घरात आणायचा आणि चुलीच्या बाजूला जुन्या कातड्यावर ठेवायचा. सकाळी बर्फात पाठीवर पडून इंजिनाच्या पोटाखाली रॉकेलचा ब्लो लॅम्प धरायचा, तेल पातळ होईस्तोवर. मग बॅटरी लावून ट्रक सुरू करायचा, भुवयांवर बर्फ घेऊन आत यायचा आणि म्हणायचा, "उठली बाईसाहेब."

आता तो बर्फात पाठीवर पडू शकत नाही. घरातसुद्धा नीट पडू शकत नाही. मूत्रपिंडं गेल्यापासून आठवड्यातून तीनदा त्याला शहरात रक्त साफ करायच्या मशीनवर न्यावं लागतं, आणि ट्रकच्या जागी आमच्याकडे जुनी जपानी डिझेल व्हॅन आहे. ती मीच चालवते. मशीनच्या दिवशी तो परत घरात येऊन बसेपर्यंत मी तोंडात काही घालत नाही. सकाळी चुलीतल्या आगीला लोणी लावलेला पोळीचा तुकडा घालते, कोपऱ्यातल्या निकोलाई संताच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावते आणि निघते.

आमच्याकडे बहुतेकांची रीत अशी की एकदा थंडी पडली की इंजिन बंदच करायचं नाही. गाडी जाड लोकरी नमद्याची गोधडी पांघरून अंगणात रात्रंदिवस घुरघुरत राहते. आमचीही राहायची. मला त्या आवाजात झोप लागायची. या हिवाळ्यात एका पहाटे जाग आली ती शांततेने. डिझेल म्हणावं तेवढं हिवाळी नव्हतं, नळीत गोठून इंजिन कधी बंद पडलं कळलंच नाही. शेजारचा द्योगोर तेव्हा कळपाकडे गेलेला होता. आमच्या वस्तीत घरं तीन, त्यातलं एक हिवाळ्यात बंद असतं. फोनला रेंज नाही, आणि हमरस्ता आजारी माणसाने चालत गाठावा इतका जवळ नाही. गव्रीलची मशीनची ती खेप चुकली.

मग जे झालं ते मला पुन्हा बघायचं नाही. पाय सुजले, चेहरा सुजला. आडवं झालं की पाणी छातीत चढायचं, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या तो तोंडाने श्वास ओढत राहिला. द्योगोर परतल्याबरोबर त्याने आपल्या ट्रकमधून आम्हाला शहरात पोचवलं. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून हळू आवाजात सांगितलं की अशी आणखी एक खेप चुकली तर मग माझ्याकडे बघू नका, वार्वारा.

मशीनवर रक्त फिरत असताना गव्रील छताकडे बघत म्हणाला, "पुरे झालं, म्हातारे. आता मला घरीच राहू दे. घोडे दिसतात खिडकीतून, तेवढं बस."

मी रडले नाही. एवढंच म्हटलं की नदीचा बर्फ फुटेपर्यंत तरी तू स्वतःहून पुरे म्हणायचं नाहीस. त्यानंतर तुझी मर्जी.

"फुटेपर्यंत?"

"फुटेपर्यंत."

तो मान हलवून म्हणाला, "बरं. दिला शब्द."

त्याने शब्द दिला होता, पण त्याला न्यायचं तर गाडीनेच. म्हणून त्याच दिवशी आम्ही इंजिन गरम ठेवायचं यंत्र घ्यायला गेलो. गव्रील दुकानात शिरताच बाकावर बसला आणि त्याने डोळे मिटले. मशीनवरून उतरला की तो पिळून ठेवलेल्या फडक्यासारखा होतो.

दुकानदाराने दोन तऱ्हा काढून दाखवल्या. एक विजेची. वायर भिंतीतल्या प्लगला लावायची, आत पाणी गरम होऊन इंजिनात फिरत राहतं. बिघडण्यासारखं तीत फारसं काही नाही. दुसरी डिझेलवर चालणारी. गाडीच्या टाकीतूनच घोट घोट डिझेल घेते, स्वतःची छोटी आग पेटवते, इंजिन गार व्हायला लागलं की आपली आपण सुरू होते आणि गरम झालं की थांबते. माझा हात विजेच्या यंत्रावर होता. साधं दिसत होतं, मला कळेल असं.

"मावशी, तुमच्याकडे वीज जाते का हो?"

"जाते."

"कधी?"

"थंडी वाढली की."

दुकानदार हसला आणि त्याने विजेचं यंत्र परत फळीवर ठेवलं. मलाही हसू आलं. त्या दिवसात पहिल्यांदाच.

डिझेलचं बसवून घेतलं. बसवणाऱ्याने बजावलं की आता गाडीखाली ब्लो लॅम्प चालणार नाही, रबरी नळ्या आहेत, पंप प्लॅस्टिकचा आहे, सगळं वितळेल. आणि बॅटरी काढायची नाही. यंत्राचा जीव बॅटरीत आहे, ती असेल तरच ते आपली आग पेटवेल. मी परतीच्या वाटेवर हे सगळं गव्रीलला सांगितलं. ऐकतोस ना, असं विचारलं. त्याने डोळे न उघडता हुंकार दिला.

द्योगोर बघायला आला. तो गव्रीलचा चुलतभाऊ, जिभेला हाड नाही. गाडीभोवती फेरी मारून म्हणाला, "वहिनी, दादाला नवी बायको आणलीत की. घोट घोट पिते, आपलं आपण बघते, कुरकुर नाही."

गव्रील खिडकीतून म्हणाला, "जुनीची सवय आहे रे मला."

मग द्योगोर मला बाजूला घेऊन म्हणाला की यंत्र चांगलं आहे, पण एक रात्र जरी ते झोपलं तरी पंचाईत. त्याची डिझेलची नळी काडीएवढी बारीक. ती गोठली की ते स्वतःच पेटणार नाही, आणि खालून आगही देता येणार नाही. मी म्हटलं, झोपायचं कशाला? त्याने खांदे उडवले.

यंत्र झोपलं नाही. कितीतरी दिवस ते नेमाने पेटत होतं. गोठ्यातून येताना गोधडीखालून त्याचा बारीक सूंसूं आवाज ऐकू यायचा, आणि मी तिथेच उभी राहून क्रूसाची खूण करायची. गव्रीलच्या चेहऱ्याची सूज उतरली. एकदा तर त्याने घोड्याच्या मांसाचा तुकडा मागून खाल्ला, डॉक्टरीणबाईंना सांगू नकोस म्हणाला.

पण एक गोष्ट मी बघत होते. त्याच्या हातांना काम उरलं नव्हतं. लाकूड मी फोडायची, नदीवरून प्यायच्या पाण्यासाठी बर्फ घसरगाडीवर लादून मी आणायची, गाडी मी चालवायची. यंत्राने त्याची शेवटची चिंताही काढून घेतली होती. संध्याकाळ झाली की तो उठून दारापर्यंत जायचा, पान्याच्या खुंटीकडे बघायचा आणि परत येऊन बसायचा.

मांस घेऊन द्योगोर शहराकडे गेला, परवा येतो म्हणाला. त्याच संध्याकाळी धुकं असं उतरलं की अंगणातलं कुंपणही दिसेना. सोडलेला श्वास गोठून कानापाशी सरसरत होता, म्हणजे थंडी उणे पन्नासच्या पुढे गेलेली. गाय अस्वस्थ होती, मला गोठ्यात उशीर लागला. घरात आले तेव्हा गव्रील झोपला होता, आणि बऱ्याच दिवसांनी चेहऱ्यावर समाधान होतं. मी दिवा मालवला.

सकाळी मशीनला निघायचं म्हणून आगीला तुकडा घातला, मेणबत्ती लावली आणि बाहेर गेले. गोधडीखाली काहीच वाजत नव्हतं. बॉनेट उघडलं. बॅटरीच्या जागी रिकामा चौकोन होता. नट व्यवस्थित एका बाजूला ठेवलेले, गव्रील ठेवतो तसे.

मी आत गेले. चुलीच्या पलीकडे, त्याच्या जुन्या कोटाखाली, बॅटरी होती. मी कोट उचलला तेव्हा गव्रील जागा होता.

"तू गोठ्यात होतीस," तो म्हणाला. "थंडी केवढी होती. म्हटलं, एवढं तरी आपण करावं." मग माझ्या तोंडाकडे बघता बघता त्याला आठवलं. त्याचा चेहरा हळूहळू पडत गेला. कोणी त्या वेळी मला मार दिला असता तरी इतकं लागलं नसतं.

मी बॅटरी उचलून बाहेर नेली, बसवली. बोटांना धातू चिकटत होता. यंत्राचं बटण दाबलं. ते टिकटिक करून उठलं, थोडा पांढरा धूर काढला आणि विझलं. पुन्हा दाबलं. पुन्हा धूर, पुन्हा शांत. द्योगोर म्हणाला होता तेच, काडीएवढी नळी. मी घरातून गरम पाण्यात फडकी बुडवून आणली आणि नळीभोवती गुंडाळली, ती हातातच लाकडासारखी झाली. गाडीखाली सरकून मी नळीवर तोंडाने वाफ सोडत राहिले. आणखी एकदा दाबलं तेव्हा धूरही आला नाही. लाल दिवा लागला आणि यंत्र बंद होऊन बसलं. इंजिन मुळीच हललं नाही. ब्लो लॅम्प शेडमध्ये होता. मी तो हातात घेतला, रबरी नळ्यांकडे पाहिलं आणि परत ठेवला. गाडी जळाली तर पुढच्या सगळ्याच खेपा गेल्या.

देवाला काय म्हणावं हेही सुचेना. मी नुसतं नाव घेत राहिले. मग तेही थांबलं.

घरात येऊन मी चुलीपुढे जमिनीवरच बसले. हातमोजे निघत नव्हते. गव्रील पलंगाच्या कडेला बसला होता, पाय खाली सोडून. घोटे सुजायला लागले होते.

"आज राहू दे," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "राहू दे, म्हाताऱ्या. द्योगोर आला की जाऊ."

द्योगोर परवा येणार होता. परवापर्यंत पाणी कुठवर चढेल, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. चुलीत लाकूड तडकलं. मी मान वर केली नाही. मला निजायचं होतं. तिथेच, त्या जमिनीवर, आणि परत उठायचं नव्हतं.

पलंग करकरला. गव्रीलने कातड्याचे बूट ओढून घेतले होते. एक बूट चढवून झाल्यावर तो बराच वेळ धापा टाकत बसला. मी उठायला गेले तर त्याने हाताने थांबवलं. दुसरा बूट चढवला. फरचा कोट, त्यावर दुसरा कोट. मशीनच्या सुया लागतात तो हात त्याने जपून आत घेतला आणि टोपीचे कान हनुवटीखाली बांधले. गाठ त्याला नीट जमली नाही, त्याने परत सोडून बांधली.

"नदी फुटली का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग ऊठ. हमरस्त्यावर मालाचे ट्रक चालू असतील. या थंडीत माणूस दिसलं की थांबतात ते."

"तिथवर तुझ्याने चालवेल?"

"जिथे नाही चालवणार तिथे बसेन. बर्फाची घसरगाडी घेऊन मागून ये."

त्याने दार उघडलं. धुकं जमिनीवरून सरपटत चुलीपर्यंत आलं. तो उंबऱ्यावर क्षणभर थांबला, श्वास घेतला, आणि व्हॅनकडे न बघता अंगणातून बाहेर पडला. कुंपणापलीकडे तो दिसेनासा झाला, पण त्याच्या बुटांखालचा बर्फ करकरत होता, सावकाश, न थांबता. मी घसरगाडीचा दोर हातात घेतला आणि त्या आवाजाच्या मागे निघाले.