मुठीबाहेरचा अंगठा

"मूठ मिट. अंगठा आत घे," डॉक्टर म्हणाले.

ओंकारने मूठ मिटली. अंगठ्याचं नख करंगळीच्या बाजूने बाहेर डोकावलं. त्याला हसू आलं, कारण व्हॉलीबॉलच्या पोरांत याच लांब हाताचं कौतुक होतं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी त्याच्या आईलाही तसंच करायला लावलं. सुरेखाचा अंगठा चार बोटांखाली गुमान झाकला गेला.

मग त्यांनी वडिलांचं विचारलं. सुरेखाने सांगितलं. तेरा वर्षांपूर्वी दोघं ऊसतोडीला गेले होते, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढताना गहिनीनाथच्या पाठीत काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि पाणी मागायच्या आत सगळं संपलं. वय चौतीस, उंची सहा फूट दोन इंच.

डॉक्टरांनी हृदयाच्या तपासणीचा, टूडी इकोचा कागद बाजूला ठेवला आणि समजावून सांगितलं. शरीर आतून धाग्यांनी बांधलेलं असतं. कोलॅजनचा धागा दोरखंडासारखा चिवट, तो हाडं आणि स्नायू धरून ठेवतो. इलॅस्टिन ताणलं जातं आणि पुन्हा जागेवर येतं. त्याला आधार देणारा तिसरा धागा म्हणजे फायब्रिलिन, तोच ओंकारच्या अंगात जन्मापासून कच्चा आहे. म्हणून हाडं लांबली आणि काळजातून निघणारी मोठी रक्तवाहिनी सैल पडून फुगत चालली. सुरेखाला ओंकारच्या जुन्या चड्डीचं सैल इलॅस्टिक आठवलं. डॉक्टर सांगत होते, गोळ्या रोज घ्यायच्या, खेळ बंद, पोलीस भरतीही विसरायची, पुढे ऑपरेशन लागेल.

"हे वडिलांकडून आलेलं दिसतंय. त्यांची आई, बहीण, बहिणीची मुलं, सगळ्यांना तपासायला आणा. वेळेत कळलं तर माणूस वाचतो," डॉक्टर म्हणाले.

पाथर्डीच्या एसटीत ओंकार खिडकीबाहेर बघत राहिला. भरतीसाठी दोन वर्षं तो पहाटे उठून धावत होता. त्याच्या शेजारी बसलेल्या सुरेखाला मात्र आत कुठंतरी बरं वाटत होतं. स्वतःचीच शिसारी आली, तरी ते बरं वाटणं जाईना.

गहिनीनाथच्या दहाव्याला नणंद राजेश्वरी सगळ्या भावकीदेखत म्हणाली होती की या पांढऱ्या पायाच्या बाईनं माझा भाऊ खाल्ला. तेव्हापासून ओंकार परीक्षेला, मॅचला, कुठंही चांगल्या कामाला निघाला की सासू छबूबाई सुरेखाला आत पाठवायची, पोराला तिचं तोंड दिसू नये म्हणून. आज तर ती त्याच्याबरोबरच जाणार होती, तरी तिला मागच्या दाराने काढलं आणि मायलेकांची भेट स्टँडवर झाली.

घरी छबूबाई सुपात मटकी निवडत होती. सुरेखाने सगळं सांगितलं आणि म्हणाली,

"आत्याबाई, मूठ मिटा."

म्हातारीने मिटली. अंगठा बाहेर आला. तिला त्यात नवल वाटलं नाही.

"माज्या बाचा असाच हुता. गहिनीचा बी. आन् भीमाचा..."

भावाच्या नावाशी ती थांबली. भीमा तिसाव्या वर्षी विहिरीवर मोटर ओढताना गेला होता. म्हातारीने हात हळूच पदराखाली घेतला.

सुरेखा म्हणाली की राजेश्वरीताईंना कळवायला पाहिजे. त्यांचा अमृत सोळाचा, ओंकारपेक्षाही उंच, तोही खेळतो.

"न्हाई," छबूबाई म्हणाली. "तिच्या सासरी कळलं तर तिला नांदवतील व्हय? तुज्या माहेराकडनं आलं म्हनायचं. तुला काय, तुला सवय हाय."

आणि तिन्हीसांजेला शेजारची रंगुबाई चौकशीला आली, तेव्हा म्हातारीने तसंच सांगितलंही. पोराच्या आईच्या घराण्याचा रोग. हात अजून पदराखालीच होता.

सुरेखाने पिठल्याखालचा गॅस बंद केला, मोबाईल घेतला आणि मागच्या दारात जाऊन उभी राहिली. राजेश्वरीला सुनावायचं वाक्य तिने तेरा वर्षं मनात घोळवलं होतं, भाकरी थापताना, ऊस सोलताना. फोन उचलला गेला तेव्हा ते वाक्य तिच्या ओठांवर होतं. पलीकडून आधी अमृतच्या खिदळण्याचा आवाज आला आणि तिने ते गिळलं.

"ताई, अमृतला मूठ मिटाया सांगा. अंगठा आत घिऊन."

राजेश्वरी वैतागली. इतक्या वर्षांनी फोन करून हे काय, म्हणाली. पण तिने पोराला हाक मारली. कोपरगावच्या त्या घरात टीव्हीवर कसलीशी जाहिरात चालू होती.

"आलाय की भाईर," राजेश्वरी म्हणाली. "का गं?"

"ओंकारच्या काळजाची नस फुगलीय, डॉक्टर म्हनले ते त्याच्या बापाकडनं आलंय. आता तुमची मिटा."

पलीकडं नुसती जाहिरात ऐकू येत राहिली. मग कुणीतरी टीव्ही बंद केला.

"सुरेखा," राजेश्वरी म्हणाली. तेरा वर्षांत तिने पहिल्यांदा नाव घेतलं होतं. "माजा भाऊ ह्यानंच गेला?"

सुरेखाने दाराची चौकट धरली.

"उद्या पहिल्या गाडीनं या," ती म्हणाली. "पोराला पळू दिऊ नका."