बेसिनवरचा आरसा आणि स्वच्छतेचे भाषण

मित्रांनो, सत्य दाखवणे हा माझा धर्म आहे. राजा असो वा रंक, मी कुणाची भीड ठेवत नाही. फक्त सध्या माझ्या उजव्या कोपऱ्यात कुणाच्या तरी दातातून उडालेला भाजीचा तुकडा वाळून बसला आहे, त्यामुळे त्या बाजूचे सत्य तूर्त बंद आहे.

मी एक जुना आरसा आहे. दुकानात होतो तेव्हा मालक रोज मऊ फडक्याने मला पुसायचा. गिऱ्हाइके माझ्यापुढे केस सारखे करून जायची. वाटायचे, आपण एखाद्या नटाच्या खोलीत जाणार. नशीब बघा, बेसिनवर दोन खिळ्यांना येऊन लटकलो!

या घरातले बाबा रोज सकाळी माझ्याजवळ नाक आणून पुटकुळ्या फोडतात. आत्या गुळण्या करते. निम्मे पाणी बेसिनला, निम्मे मला. शी! पण सांगणार कुणाला?

बाबांची मुलगी चिमणी पाचवीत आहे. गेल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत ती तिसऱ्या वाक्याला अडली आणि तोंड उघडे ठेवून तशीच उभी राहिली. तेव्हापासून वर्ग तिला ‘पुतळा’ म्हणतो. यंदा तिला काहीही करून ते नाव पुसायचे होते.

विषय मिळाला ‘स्वच्छता’. भाषण बाबांनी लिहिले. लहानपणी वक्तृत्वाचा एक कप जिंकल्याचे आजतागायत कुणाला विसरू न देणारी आत्या शिकवायला उभी राहिली.

“अगं, ‘घाण’ म्हणताना नाक मुरड! जिलबी मागितल्यासारखं काय म्हणतेस?”

“मुरडलं की, आत्या.”

“आरशात बघ. याला मुरडणं म्हणतात?”

तीन महिने चिमणी माझ्यात बघून बोलली. ‘कोठेही थुंकू नका’ या वाक्याला दरवेळी माझ्यावर तुषार उडायचे.

आदल्या दिवशी तिला दिवाणखान्यात उभे केले. समोर आरसा नाही. तिसऱ्या वाक्याला पुतळा! चिमणीचे डोळे भरून आले.

“रडू नकोस. मग आरसाच नेऊ या की!” आत्या म्हणाली.

बाबांनी मला खिळ्यांवरून उतरवले आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळले. त्याच कागदाने मला पुसताही आले असते. पण हे भाषणात नव्हते.

सभागृहात बाबा मला डोक्यावर धरून शेवटच्या रांगेत उभे राहिले. चिमणीने दोन वाक्ये झोकात म्हटली. तिसऱ्याला थांबली. तिने माझ्याकडे पाहिले. पण आमच्यामध्ये वीस रांगा होत्या आणि माझ्या तोंडावर तीन महिन्यांचा फेस. तिला तिचे तोंड काही दिसेना. जन्मभर साऱ्यांना तोंडे दाखवली, आणि गरज होती तिलाच दाखवता आले नाही! पुढून कुणीतरी कुजबुजले, “पुतळा झाला रे!”

चिमणीने डोळे बारीक केले. मग तिचे नाक मुरडले, आत्याने शिकवले होते त्याच्या दसपट.

“शी!” ती माइकवरच म्हणाली. “तो बघा आमचा आरसा. बाबा, खाली करू नका ना! तो मोठा डाग बाबांचा. ओघळ आहेत ते आत्याच्या गुळण्यांचे. आणि बारीक ठिपके सगळे माझे, ‘थुंकू नका’ म्हणताना उडालेले. आम्ही तीन महिने स्वच्छतेची तयारी करतोय!”

सगळे सभागृह मागे वळले आणि हसत सुटले. बाबा माझ्यामागे लपले. आत्या शेजारच्या बाईंना सांगू लागली, “आम्ही नाही हो त्यांच्यातल्या!”

चिमणीला दुसरे बक्षीस मिळाले. ‘पुतळा’ पुसला गेला. आता तिला ‘आरसा’ म्हणतात. तिची तक्रार नाही.

मी पुन्हा माझ्या दोन खिळ्यांवर आहे. माझ्या बरोबर वर तिचे प्रशस्तिपत्रक चौकटीत लावले आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला हात धुण्याच्या निमित्ताने ते दिसावे, ही आत्याची युक्ती. “धूळ बसते बाई,” म्हणत ती रोज ओल्या फडक्याने ते पुसते आणि मग माझ्यावर गुळणी करते.

मित्रांनो, माझे मोठे मागणे नाही. जग स्वच्छ करायला थोर माणसे आहेतच. तुम्ही आत्याला एवढेच सांगा, की फडके हातात आहेच, तर ते चार बोटे खाली येऊ दे. भाजीचा तुकडा उजव्या कोपऱ्यात आहे.