चौदावं कार्ड

अक्काच्या शब्दकोशातली 'आ'ची पानं दुपारी चारला छापखान्यात जायची होती, आणि तिचा धाकटा भाऊ, ज्याला सगळे भाऊच म्हणत, सकाळपासून तिच्या टेबलाभोवती घुटमळत होता.

सोमवारी त्याचा चहा अक्काच्या कार्डांवर सांडला. एकेका शब्दाला एकेक कार्ड, तीस वर्षांचं काम, अक्षर मोत्यासारखं. चौदा भिजली. तिला कळू न देता भाऊनं तेरा उतरवून काढली, हुबेहूब तिच्या वळणानं. चौदाव्याची शाई पार विरघळलेली. वर 'आलोचना' एवढंच उरलं होतं. तिथे त्यानं मनचंच ठोकून दिलं: 'दुसऱ्याचे दोष काढणे.'

नेमकं तेच कार्ड आता अक्काच्या चष्म्यापुढे होतं.

"हे मी लिहिलंय?"

"अक्षर तर तुझंच दिसतंय," भाऊ टेबलाला म्हणाला.

"हा झाला अलीकडचा अर्थ. जुना कुठे गेला? असं अर्धवट माझ्या नावावर छापलं तर तोंड दाखवायला जागा राहायची नाही. तो जाडा ग्रंथ काढ. मोठ्यानं वाच."

"लोच् म्हणजे पाहणे. त्यावरूनच लोचन, डोळा. आलोचना म्हणजे नीट, निरखून पाहणे. जुन्या धर्मग्रंथांत..." भाऊ वाचता वाचता थांबला.

"पानं चिकटलीत का?"

"...गुरूसमोर आपले दोष, काही न लपवता, सांगणे."

शब्दानंच कान धरल्यावर माणूस पळणार कुठे?

"अक्का, मला आलोचना करायची आहे."

"कर की. लहानपणापासून माझी तेच करत आलायस."

"तुझी नाही गं. माझी."

अक्कानं चष्मा काढला. भाऊनं सांगितलं: आधी चहा, मग कार्डं, मग चोरलेलं अक्षर. मधेच 'हे टेबलच डुगडुगतं' म्हणाला, तेव्हा तिनं अडवलं. "ही टेबलाची आलोचना झाली. तू आपली कर."

सांगून झाल्यावर तिनं ते कार्ड बाजूला ठेवलं.

"भिजलेली कुठेयत?"

"गच्चीवर. दोरीला चिमटे लावून. टाकवली नाहीत."

गच्चीवर चौदा कार्डं वाऱ्याशी खेळत होती, पिवळी, कडा मुडपलेली. अक्कानं चौदावं काढलं, उन्हात आडवं धरलं. दाबून लिहायची तिची जुनी सवय. शाई गेली तरी अक्षरांचे वळ कागदावर उमटलेले होते.

"डोळे तुझे बरेयत. वाच, मी लिहिते," ती म्हणाली. "आणि दिसेल तेवढंच वाच हं."