काशीचे कान

गाडी बदलायचं फर्मान दोह्याहून आलं. "अब्बा, ती काढून टाका. एक्स्चेंजमध्ये देऊन नवीन मॉडेल घ्या, वरचं मी बघतो," अल्तमश फोनवर म्हणाला आणि नजमुद्दीनने लगेच होकार दिला. हायब्रीड गाडी तशी धडधाकट होती, पण ती दारात उभी असेपर्यंत घरातलं कुणी अंगणाकडच्या खिडकीत बसेना. नसीबाने, त्याच्या बायकोने, तिथला पडदा कायमचा ओढून घेतला होता.

श्रीवर्धनात सगळ्यांना ठाऊक होतं ते एवढंच: जानेवारीत सुट्टीवर आलेला अल्तमश गाडी मागे घेत होता. अंगणात सुपारी वाळत घातलेली, वाडीवर कामाला असलेली काशी पाठमोरी बसून ती परतत होती आणि तिला गाडी ऐकू आली नाही. दवाखान्यात पोचायच्या आधीच ती गेली. बिचारीला कानांनी कमीच ऐकू यायचं. हे शेवटचं वाक्य खुद्द नजमुद्दीनने पोलिसांना सांगितलं होतं, आणि काशीच्या नवऱ्याने, मोरूने, शेजारी उभं राहून "व्हय" म्हटलं होतं. केस उभी राहिली असती तर अल्तमशचा पासपोर्ट अडकला असता, नोकरी गेली असती. तसं काही झालं नाही. पोरगा ठरल्या दिवशी विमानात बसला.

आता खरं ऐका. वाडीच्या पार टोकाला पोफळीची झावळी पडली तरी काशीला अंगणात कळायचं. घरी जुनी जीप होती तेव्हा ती नाक्यावर वळली, की काशी सुपारी बाजूला सारून उठलेली असायची. ही हायब्रीड हळू असली की बॅटरीवर चालते आणि हूं की चूं करत नाही, हे त्या बाईला कुणी सांगितलंच नव्हतं. घरातल्यांना तर त्याचंच कौतुक. पाहुणे आले, की मुद्दाम गाडी मागेपुढे करून दाखवायचे आणि विचारायचे, कळलं तरी का?

मोरू तरणा होता तेव्हापासून नजमुद्दीनच्या वाडीवर. घरात नवं वाहन आलं, की नारळ मोरूनेच फोडायचा. मुसलमानाच्या दारात नारळ कसा, हे ना कुणी विचारलं ना कुणी अडवलं. लूना आली तेव्हापासूनची रीत होती. या खेपेला मोरू येईल असं नजमुद्दीनला वाटलं नव्हतं. पण माणगावच्या शोरूमला निघायच्या सकाळी तो पंच्यात नारळ बांधून फाटकाशी हजर झाला, आणि नजमुद्दीनच्या जिवात जीव आला. मोरू आला म्हणजे मोरूने मनातून काढून टाकलं. सोयीचा अर्थ लावायला त्या घराला कधीच वेळ लागला नाही.

शोरूममध्ये पियूष नावाचा सेल्समन जुन्या गाडीभोवती फिरला. दारं उघडून बघितली, खाली वाकला, मागच्या बंपरवरून हात फिरवला.

"काका, इथे रंग मारलाय का?"

"झाडाला लागली होती," नजमुद्दीन म्हणाला.

मोरू त्याच्या शेजारीच उभा होता. तो जमिनीकडे बघत राहिला. आपल्या तोंडून हे इतकं सहज कसं निघालं, याची नजमुद्दीनला त्या क्षणी शिसारी आली. पण निघालं ते निघालं.

मग पियूषने नवी गाडी दाखवली. "यात एक चांगलं केलंय बघा. हळू जाताना गाडी स्वतःहून आवाज करते. आधीच्या मॉडेलमध्ये मागून गाडी आली तरी पायी माणसाला पत्ता लागायचा नाही. कान कितीही शाबूत असू देत." त्याने गाडी हातभर पुढे घेतली. पुढच्या बाजूने घूंऽ असा बारीक सूर निघाला.

"परत करा बघू," मोरू म्हणाला.

पियूषने हसत परत केलं. मोरूने तिसऱ्यांदाही करायला लावलं. तोवर नजमुद्दीन खुर्चीत जाऊन बसला होता.

मोरूने नारळ फोडला. पाणी चाकांवर शिंपडलं, खोबरं सगळ्यांना वाटलं, नजमुद्दीनच्या हातावरही ठेवलं. रीत त्याने पुरी केली.

येताना म्हसळा मागे पडलं. मोरूच्या गावाचा फाटा जवळ आला तेव्हा तो म्हणाला, "भाय, त्या पोराने आज काय नवीन न्हाय सांगितलं. मला म्हायती व्हतं. तुम्हाला पण म्हायती व्हतं."

नजमुद्दीनने गाडी हळू केली.

"अल्तमशला मी खांद्यावर खेळवलाय. पोराचं वाटोळं नको म्हणून व्हय बोललो. पण माझी पोरगी साक्षी माझ्याशी बोलत न्हाय. ताट सरकवते न् आत जाते. एकदाच बोलली. मारली त्यांनी, पण बहिरी तू केलीस, बोलली." मोरूने पंच्याने तोंड पुसलं. "पोलिसात नको, गावात नको. माझ्या पोरीला तेवढं सांगा, तुझ्या आयशीला ऐकू येत व्हतं. मी सांगून ती ऐकायची न्हाय."

"चल," नजमुद्दीन म्हणाला, आणि त्याने गाडी फाट्यावरून आत वळवली. तो मनापासून म्हणाला होता. या माणसाने आपलं घर वाचवलं, एक वाक्य आपण त्याला देणं लागतो, हे त्याला अगदी लख्ख दिसत होतं.

गाडीचा आवाज ऐकून साक्षी दारात आली. तिने नवी गाडी नीट बघून घेतली. बापाकडे बघितलं नाही.

"साक्षी, बेटा, तुझ्याशी बोलायचंय. तुझ्या आईचं."

"बोला, चाचा." ती ओट्याची पायरी उतरली. "अल्तमशभाय परत कधी येणार हायत?"

साधाच प्रश्न. पण नजमुद्दीनला विमानतळ दिसला, विमानतळावर उभे पोलीस दिसले, आणि ओठांवर आलेलं वाक्य जागच्या जागी उलटं फिरलं.

"तुझ्या आईला कमीच ऐकू यायचं, बेटा," तो म्हणाला. "आम्ही सगळे बघायचो. तू बापावर राग धरू नकोस."

साक्षी पहिल्यांदाच मोरूकडे वळली. "बाबा?"

मोरू नजमुद्दीनकडे बघत होता. त्या बघण्यात राग असता तर नजमुद्दीनला बरं वाटलं असतं. पण तो नुसता थकलेला होता.

"व्हय," मोरू म्हणाला.

साक्षी आत गेली. बापाची वळकटी आणून तिने ओट्यावर ठेवली आणि दाराला आतून कडी घातली.