पंचफुला आत्याची अकरा गाणी

हर्षाने तिसऱ्यांदा तीच ओळ टाइप केली आणि लॅपटॉपच्या काळ्या खिडकीने तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं : अशी फाइल नाही.

"डोळ्यासमोर तर हाये!" ती ओरडली.

बाजेवर बसून तांदूळ निवडणाऱ्या पंचफुला आत्याने मान वर केली. "कोणाशी भांडून राहिली व?"

"तुह्या गाण्याईशी."

आत्याने चाळीस वर्षं अड्याळच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, रोवणीची गाणी म्हटली होती. गुडघे गेल्यापासून ती चिखलात उतरत नव्हती. रोवणीच्या बायांनी निरोप पाठवला, गाणी डब्ब्यात भरून द्या. डब्बा म्हणजे पेनड्राइव्ह लावायचा छोटा स्पीकर. हर्षा पवनीला नोकरीला होती. उन्हाळाभर दर रविवारी येऊन तिने जुन्या मोबाइलवर अठ्ठेचाळीस गाणी रेकॉर्ड केली. मोबाइलने ती एएमआर फाइलींत ठेवली, आणि डब्ब्याला एमपीथ्रीशिवाय काही समजत नव्हतं. एकेक गाणं बदलत बसायला नको म्हणून तिने इंटरनेटवरची एक स्क्रिप्ट उचलली. एकदा चालवली की सगळी गाणी बदलून थेट पेनड्राइव्हवर जाणार होती.

दोन तासांनी कळलं, घोळ नावांचा होता. भाताची रोपं उपटतानाच्या गाण्याचं नाव होतं 'परे काढतानाचं'. त्यात मधे जागा होती, म्हणून स्क्रिप्टला 'परे' ही एक फाइल वाटत होती आणि 'काढतानाचं' ही दुसरी. स्क्रिप्टमध्ये नावांभोवती अवतरणचिन्हं घातल्याबरोबर ओळी भराभरा सरकू लागल्या. हर्षा सुटकेने चहा ठेवायला गेली.

परत येऊन पाहते तर सदतीस गाणी ठीक, शेवटची अकरा शून्य आकाराची. पेनड्राइव्हवर भावाचे सिनेमे होते, जागाच संपली होती. सिनेमे उडवून पुन्हा चालवू, असं म्हणत तिने मूळ फोल्डर उघडलं. ते रिकामं होतं. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत मूळ फाइल पुसायची आज्ञा होती. गाणं नीट बदललं की नाही, हे न बघताच ती पुसत गेली होती. मोबाइलवरची गाणी लॅपटॉपवर घेतल्यावर हर्षाने स्वतःच मागच्या आठवड्यात काढून टाकली होती.

तिने लॅपटॉप बाजेवर असा आपटून बंद केला की सुपातले तांदूळ सांडले.

"अकरा गेले, आत्या. न वाचताच चालवलं म्या."

आत्याने सूप बाजूला सारलं. मग तीही चिडली. "उन्हाळाभर माहा घसा कोरडा केला, अन् आता रडून कायले राहिली? बांधीत रोवणी चालू हाये, गाडी काढ. घरात बसून मले तरी कुठं आठवते सगळं!"

हर्षाने तिला स्कूटीवरून शेतावर नेलं. बायांनी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, प्लास्टिकची खुर्ची मांडली. आत्याने सूर लावला, वाकलेल्या बायांनी ओळ उचलली. मधेच कोणी हसलं, कोणी पायाला जळू चिकटली म्हणून किंचाळलं. हर्षाने रेकॉर्डिंगमध्ये तेही राहू दिलं.

संध्याकाळपर्यंत नऊ गाणी झाली. उरलेली दोन आत्याला काही केल्या आठवेनात. परतताना ती गाडीवर पुटपुटत राहिली, एखादी ओळ लागायची आणि तुटायची.

घरी येऊन हर्षाने आधी नऊही फाइलींच्या दोन-दोन प्रती काढल्या. मग पेनड्राइव्हवरचे सिनेमे उडवले, स्क्रिप्ट उघडली, शेवटची ओळ खोडली, आणि या वेळी ती चालू असताना जागची हलली नाही.